बिडाचा स्किलेट, जाड पोर्क चॉप आणि आंबट सफरचंद: घ्यावा का?

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण त्यासाठी शेवटपर्यंत वाचत बसायला मलाही आवडत नाही. लॉज या अमेरिकन कंपनीचा सव्वादहा इंची बिडाचा स्किलेट, म्हणजे उभ्या कडांचा मुठीचा तवा, जाड पोर्क चॉप (डुकराच्या मांसाचा काप) आणि फळं एकाच भांड्यात करायला घ्यावा, डोळे झाकून घ्यावा. दुकान आणि सेल बघून वीस ते तीस डॉलरांत मिळतो. पण वसईकरांनो, त्यात इंद्याल, आपला सिरक्यातला पोर्कचा रस्सा, शिजवायचा बेत असेल तर पैसे खिशातच ठेवा. का ते पुढे येईलच.

मी वसईचा, ख्रिस्ती घरातला. डुकराचं मांस आमच्याकडे लग्नाला, नाताळला आणि पाहुणे आले की हटकून. त्याची तऱ्हा मात्र एकच: सिरका, लसूण, मसाला, मंद आच आणि वेळ. भरपूर वेळ. सोबत फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. आता राहतो मिनेसोटात, मिनियापोलिसच्या एका उपनगरात. इथे आठवड्याच्या मधल्या दिवशी कामावरून आल्यावर दोन तास इंद्यालजवळ कोण उभं राहणार? इथली माणसं त्यावर एक साधा उपाय करतात. जाड चॉप तव्यावर भाजायचा, त्याच तव्यात लोणी, फळाच्या फोडी आणि ताजी पानं परतायची, दोन घोट सायडर (सफरचंदाचा न गाळलेला रस) ओतून रस आटवायचा. अर्ध्या तासात जेवण, घासायला एकच भांडं. ‘स्किलेट डिनर’ म्हणतात ते हेच.

बायको नाशिककडची, ती पोर्क खात नाही. म्हणून घरात असे दोन स्किलेट आहेत, एक माझा, एक थालीपिठाचा. मुठीच्या कव्हरांचे रंग वेगळे. त्यांची अदलाबदल झाली तर काय होईल हे आमच्यात कोणी करून बघितलेलं नाही. तेव्हा या परीक्षणातला मांसाहारी भाग माझा, थालीपिठाबद्दलचं मत तिचं.

आता वस्तूबद्दल. लॉजचा कारखाना टेनेसी राज्यात, साउथ पिट्सबर्ग नावाच्या छोट्या गावात आहे. जोसेफ लॉज या गृहस्थांनी १८९६ साली तिथे फाउंड्री काढली तेव्हा तिचं नाव ब्लॅकलॉक होतं. १९१० साली ती जळली, मग थोड्या अंतरावर नव्याने उभी राहिली ती लॉज या नावाने. अमेरिकेतल्या जुन्या बिडाच्या कंपन्यांतली ही टिकून राहिलेली. पेनसिल्व्हेनियातल्या ईरीची ग्रिसवोल्ड आणि ओहायोतल्या सिडनीची वॅग्नर ही नावं आता जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि संग्राहकांच्या तोंडी ऐकू येतात. लॉजने २००२ पासून भांडी कारखान्यातच तेल लावून, भट्टीत भाजून विकायला सुरुवात केली, त्याआधी ते काम घेणाऱ्यालाच करावं लागे. म्हणजे आज खोका उघडला, भांडं धुऊन पुसलं की त्याच संध्याकाळी शेगडीवर चढवता येतं.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती वजन. जवळपास अडीच किलो. मुख्य मूठ आखूड, समोर धरायला एक छोटा कान, दोन्ही बाजूंना ओतायला चोच. तो कान शोभेचा नाही. चॉप आणि रस भरलेलं भांडं एका हाताने उचलायला जाल तर मनगट सांगेल. मूठसुद्धा त्याच ओतीव बिडाची, त्यामुळे ती तापतेच. जाड फडकं किंवा कव्हर हवंच. हा बिडाचा स्वभाव आहे, कोणत्याही कंपनीचं घेतलं तरी.

पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. वाळूच्या साच्यात ओततात त्याचा तो पोत. ग्रिसवोल्ड-वॅग्नरच्या काळात आतली बाजू घासून गुळगुळीत करत, म्हणून ती भांडी आज शोधून शोधून विकत घेतली जातात. इथे ते घासकाम नाही आणि म्हणून किंमतही कमी. चॉपला या खरखरीचा काही त्रास नाही. अंड्याला सुरुवातीला होतो, मग तेलाचे थर चढत जातात तसा कमी होतो. हे थर म्हणजे नुसतं माखलेलं तेल नव्हे. पातळ पुसलेलं तेल जास्त तापलं की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन बिडाला चिकटलेलं कडक आवरण बनतं. पातळ हा शब्द महत्त्वाचा. जाड थर दिला तर चिकट राहतो आणि मग लोक भांड्याला नावं ठेवतात.

बीड उष्णता झपाट्याने पसरवतं अशी एक समजूत आहे. उलट आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याच्या मानाने बीड उष्णतेचा मंद वाहक आहे. मोठ्या आचेवर एकदम ठेवलंत तर ज्वाळेच्या वरचा गोल तेवढा तापेल आणि कडा कोमट राहतील. त्याची ताकद वेगळीकडे आहे. ते जड असतं, एकदा तापलं की बरीच उष्णता पोटात धरून ठेवतं आणि फ्रीजमधून काढलेला थंड चॉप टाकला तरी एकदम गार पडत नाही. पातळ नॉनस्टिकवर हेच केलं तर मांस पाणी सोडतं आणि भाजण्याऐवजी उकडतं, राखाडी पडतं. म्हणून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं रिकामा स्किलेट तापवायचा. माझ्याकडे काचेची इलेक्ट्रिक शेगडी आहे, तीवर अजून दोन मिनिटं. काचेवर भांडं ओढायचं नाही, उचलून ठेवायचं. इंडक्शनवरही हे भांडं चालतं, फक्त सुरुवात खालच्या आकड्यावर करा.

मांसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मे लोक इथेच फसतात आणि दोष तव्याला देतात. चॉप हाडासकट घ्या, बरगडीकडचा, निदान सव्वा इंच जाड. सुपरमार्केटात फोमच्या ताटलीत सहा-सहा पातळ चॉप स्वस्तात मिळतात, ते घेऊ नका. पातळ चॉपला बाहेरून तांबूस रंग येईपर्यंत आतला चामडं होऊन जातो. १९८७ पासून अमेरिकेत पोर्कची जाहिरात ‘दुसरं पांढरं मांस’ अशी झाली. चिकनशी बरोबरी करायची, चरबी कमी दाखवायची. आज इथल्या कमरेकडच्या मांसात चरबी एवढी थोडी असते की दोन मिनिटं जास्त झाली तर ते माफ करत नाही. बर्कशायर जातीचं मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या, त्यात चरबीच्या रेषा दिसतात.

लेबलही वाचायचं. बारीक अक्षरांत ‘अमुक टक्क्यांपर्यंत सोल्यूशन’ असं लिहिलेलं असेल तर त्या मांसात आधीच खारं पाणी टोचलेलं आहे. ते पाणी तुम्ही मांसाच्या भावाने विकत घेता आणि तव्यात पडल्यावर ते बाहेर येऊन तुमचा खरपूसपणा घालवतं. मी एका मोठ्या साखळीच्या दुकानातून असे चॉप आणले होते. बिडाचा तवा, व्यवस्थित तापवलेला, तरी पहिल्या मिनिटाला खाली तळं साचलं. तव्याचा इलाज तिथे संपतो. तेव्हापासून मांस खाटकाकडूनच आणतो. मिनेसोटा डुकरांच्या पैदाशीत देशात आघाडीवर असलेल्या राज्यांपैकी एक. शेजारी आयोवा तर पहिला. स्पॅम या डबाबंद पोर्कचा तो निळा डबासुद्धा इथल्याच ऑस्टिन गावातल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ साली काढला आणि त्याचं तिथे चक्क संग्रहालय आहे. असल्या मुलखात राहून पाणी टोचलेलं पोर्क खाणं म्हणजे वसईत राहून डबाबंद केळी खाण्यातला प्रकार.

मीठ आदल्या रात्री लावून चॉप फ्रीजमध्ये उघडा ठेवला तर उत्तम. मीठ आत मुरतं, वरचा भाग सुकतो आणि सुकलेलं मांस लवकर तांबूस होतं. तेवढी सवड नसेल तर तासभर आधी लावा. तेही जमत नसेल तर तव्यावर टाकायच्या अगदी क्षणभर आधी. अधलंमधलं नको. दहा-पंधरा मिनिटांत मीठ पाणी बाहेर ओढतं पण ते परत आत शिरायला वेळ मिळत नाही. टाकण्याआधी कागदी रुमालाने कोरडं टिपायचं ते वेगळंच. आणि वर सांगितलेलं टोचलेलं मांस गळ्यात पडलंच असेल तर मीठ अजिबात लावू नका.

तवा तापला, तेलावर लहरी दिसू लागल्या की चॉप ठेवायचा. तेल कॅनोला किंवा शेंगदाण्याचं. लोणी आत्ता नाही, ते जळेल. ठेवल्यावर तीन-चार मिनिटं त्याला हात लावायचा नाही. इथे बीड आपली किंमत वसूल करून देतं. खालून पूर्ण, एकसारखा, अक्रोडी रंगाचा थर येतो आणि चॉप आपणहून तवा सोडतो. सोडत नसेल तर अजून झालेला नाही, उलथण्याने खरवडू नका. उलटा करा, पुन्हा तितकाच वेळ. मग चिमट्याने धरून चरबीची कड तव्यावर उभी टेकवा, ती पाघळून कुरकुरीत होते. ही कड न भाजता ताटात आली तर लोक ती कापून बाजूला ठेवतात. भाजलेली असेल तर आधी तीच संपते.

धूर होतो. खोटं बोलणार नाही. आमच्या घरचा पंखा धूर बाहेर न टाकता गाळून परत स्वयंपाकघरातच सोडणारा आहे, अमेरिकन अपार्टमेंटांत पुष्कळ ठिकाणी असाच असतो. खिडकी आधी उघडा. जानेवारीत उणे वीस सेल्सियसला खिडकी उघडायची तयारी नसेल तर हा पदार्थ एप्रिलपर्यंत राखून ठेवा किंवा धुराच्या अलार्मशी दोस्ती करा.

आता थर्मामीटर. तवा वीस-तीस डॉलरचा, काट्याचा झटपट थर्मामीटर साधारण पंधराचा. दोन्हींतलं एकच घेणं शक्य असेल तर मी थर्मामीटर घ्या म्हणेन आणि घरातल्या कुठल्याही जाड बुडाच्या भांड्यात काम भागवा. २०११ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठीचं किमान तापमान १६० अंश फॅरेनहाइटवरून १४५ वर आणलं, म्हणजे ७१ सेल्सियसवरून ६३ वर, आणि त्यापुढे तीन मिनिटं मांस तसंच ठेवायचं. खिम्याला मात्र १६० कायम. जुनी भीती ट्रिकिनेला या जंताची होती. तो १४५ च्या आधीच मरतो आणि बंदिस्त शेडमध्ये वाढवलेल्या डुकरांत तो आता क्वचितच सापडतो. म्हणून मी चॉप १३८ ते १४० ला काढतो. ताटलीत विसावताना पोटातली उष्णता त्याला १४५ वर नेऊन पोचवते. ते पोचलं की नाही हे पुन्हा टोचून बघतो. काप घेतला तर मध्ये फिकट गुलाबी झाक आणि रस. आमची मावशी इथे आली होती तेव्हा ती झाक बघून ताट सरकवून म्हणाली, “अरे, हे आत कच्चं आहे, मी नाही खायची.” तिचा चॉप पुन्हा तव्यावर गेला. मावशीशी फॅरेनहाइटमध्ये वाद घालता येत नाही.

एक मात्र स्पष्ट लिहून ठेवतो, कारण वाचणारे सगळे अमेरिकेत नाहीत. भारतात, विशेषतः मोकाट चरणाऱ्या डुकरांचं मांस असण्याची शक्यता असेल तिथे, गुलाबी पोर्कच्या नादी लागू नका. पट्टकृमीचा धोका खरा आहे आणि त्याच्या अंड्यांतून होणारा संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. खात्रीच्या, तपासलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि ७१ अंश सेल्सियसच्या वर पूर्ण शिजवा. त्यासाठी कमरेचा चॉप नको, खांद्याचं मांस घ्या. त्यात चरबी असते, पूर्ण शिजूनही मऊ राहतं. बोटाएवढ्या जाडीचे काप करा, बाकी कृती हीच.

चॉप ताटलीत विसावले. तव्यातली जादा चरबी चमचाभर ठेवून ओतून टाकायची, चोच इथे कामी येते, मी उजव्या हाताचा तरी दोन्ही बाजूंना चोच असल्याचं कौतुक वाटतं. मग आच कमी करून लोणी. लोणी फेसाळलं की सेजची आठ-दहा पानं. अर्ध्या मिनिटात ती कडक होतात, लगेच काढून ठेवा. बिडाची एक अडचण इथे आहे: तवा काळाकुट्ट, लोणी कधी बदामी झालं ते डोळ्यांना दिसत नाही. नाकावर भरवसा ठेवावा लागतो. भाजल्या काजूसारखा वास आला की पुढची वस्तू टाका, वाट बघू नका. स्टीलच्या चकचकीत पॅनमध्ये हे सोपं असतं, तेवढा एक गुण मी स्टीलला देतो.

सेज म्हणजे काय असं विचाराल तर इथल्या नाश्त्याच्या सॉसेजला आणि थँक्सगिव्हिंगच्या सारणाला जो ओळखीचा वास असतो तो मुख्यतः सेजचा. ताजं पान चावलं तर कापरासारखं आणि कडवट लागतं, लोण्यात तळलं की कडूपणा निवतो. वाळलेली पूड या पदार्थात घालू नका, धुळीसारखी चव येते. थाईम हा दुसरा सुगंधी पाला आपल्या माणसाला लगेच पटतो, कारण ओव्याला जो वास असतो तो थायमॉल या द्रव्याचा आणि तेच थाईममध्ये आहे. दोन्ही झाडांची कुळं वेगळी, तरी नाकाला नातं कळतं. थाईम मिळाला नाही तेव्हा मी लोण्यात खरंच चिमूटभर ओवा टाकला आहे, छान लागला. रोझमेरी मात्र सफरचंदाबरोबर मला दांडगी वाटते. ती उन्हाळ्यात पीचबरोबर.

सफरचंद हे या जेवणाचं खरं वैशिष्ट्य आणि इथे मिनेसोटाची मजा आहे. हनीक्रिस्प, ज्यावरून सगळा देश वेडा आहे, ते इथल्याच विद्यापीठाने १९९१ साली बाजारात आणलं आणि २००६ मध्ये ते राज्याचं अधिकृत फळ झालं. कच्चं खायला त्याला तोड नाही. तव्यात आकारही टिकवतं. पण भाजल्यावर त्याचा गोडवा इतका पुढे येतो की चॉपऐवजी मिठाई खाल्ल्यासारखं होतं आणि त्या भावात ते तव्यात घालायला जिवावर येतं. माझी पसंती त्याच विद्यापीठाच्या जुन्या हॅरलसनला. १९२२ सालचं वाण, दिसायला साधं, आंबट, घट्ट. ‘अ‍ॅपल पाय’ करणाऱ्या आज्या अजून तेच मागतात. सप्टेंबर सरता सरता बागांमध्ये येतं, सुपरमार्केटात सहसा दिसत नाही. ते नसेल तेव्हा बारमाही ग्रॅनी स्मिथ. मॅकिंटॉश घेऊ नका, चार मिनिटांत त्याचा लगदा होतो. सॉसला ठीक, फोडींना नाही.

साल ठेवून बोटभर जाड फोडी करा, तव्यात एका थरात पसरा, दोन मिनिटं हलवू नका. एक बाजू तांबूस झाली की पातळ चिरलेला कांदा आणि थाईमच्या दोन काड्या. मग अर्धा कप सायडर. इथे सायडर म्हणजे न गाळलेला, न आंबवलेला सफरचंदाचा रस, शरद ऋतूत सगळीकडे मिळतो. त्यात चमचाभर तिखट फ्रेंच मोहरीची तयार पेस्ट. लाकडी उलथण्याने तळाचा खरपूस थर सोडवत राहा, सगळी चव तिथे आहे. रस अर्धा आटला, जरा पाकासारखा दिसू लागला, की आच बंद. आणि आता लक्ष द्या: आच बंद केली तरी बीड थांबत नाही. रस आटतच राहतो. भांडं शेगडीवरून उचलून बाजूला ठेवा, नाहीतर पाच मिनिटांनी तव्यात जॅम असेल. चॉप आणि ताटलीत सुटलेला रस परत आत, वरून कुरकुरीत सेज, लिंबाचे किंवा सायडर सिरक्याचे चार थेंब.

चरबीला आंबट फळाची जोड ही युक्ती काही अमेरिकेची नव्हे. इंग्लंडात भाजल्या डुकराबरोबर सफरचंदाची चटणी, नॉर्मंडीत सायडर आणि सफरचंदाचीच दारू. युरोपात डुक्कर मारण्याचा मोसम आणि सफरचंदाचा मोसम मागेपुढेच येत. गोव्यात हेच काम आमसुलं करतात, सोलांतुलें या तिथल्या पदार्थात पोर्कची चरबी आणि सोलं एकमेकांना बरोबर सांभाळतात. आमच्याकडे ते सिरक्यावर सोपवलेलं. म्हणून मी एकदा लोण्यात सेजऐवजी अर्धा चमचा बॉटल मसाला, आमच्याकडचा बाटलीत भरून ठेवायचा मिश्र मसाला, घातला. आंबट सफरचंद, मोहरी आणि तो मसाला, झकास जमलं. मात्र सेज आणि बॉटल मसाला एकत्र नको, दोघांनाही बोलायचं असतं.

आणि आता इंद्यालची गोष्ट. सिरका, टोमॅटो, चिंच, आमसूल असलं आंबट या तव्यात तासभर शिजलं तर तेलाचं आवरण झिजतं आणि जेवणाला लोखंडी चव येते. वरचं सायडरचं पाच मिनिटांचं काम चालतं, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण उरलेला रस्सा रात्रभर तव्यात ठेवायचा नाही. इंद्याल, सोरपोतेल, सोलांतुलें या पोर्कच्या आंबट पदार्थांना मातीचं, स्टीलचं किंवा इनॅमल चढवलेलं भांडं लागतं. इनॅमलचे चांगले स्किलेट मिळतात, पण नामवंत फ्रेंच कंपनीचा घ्याल तर दीडदोनशे डॉलर मोजावे लागतात आणि भाजण्याच्या कामात मला तरी त्याने काही जास्त दिलेलं नाही.

धुण्याबद्दल लोकांनी उगाच सोवळं माजवलंय. साबण चालतो. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक उरायचं, ते आवरण खायचं, आजच्या भांड्यांच्या साबणात तसं नसतं. काय चालत नाही ते सांगतो: डिशवॉशर, आणि सिंकमध्ये रात्रभर भिजत टाकणं. मोहरी-सायडरचं चिकटलेलं असेल तर त्यात कपभर पाणी उकळा, लाकडाने सोडवा, ओता, घासा, पुसा, परत शेगडीवर दोन मिनिटं ठेवून कोरडा करा आणि कोमट असताना तेलाचे चार थेंब फडक्याने पुसून घ्या. सगळं मिळून पाच मिनिटं. वास मात्र तव्यात थोडा राहतो, दुसऱ्या दिवशी त्यात गोड पॅनकेक केलात तर सेजची आठवण येईल. आमच्या दोन स्किलेटमागचं धार्मिक कारण वगळलं तरी हे एक व्यावहारिक कारण उरतंच.

थालीपिठाबद्दल बायकोचं मत असं: थालीपीठ उत्तम भाजलं जातं, खालची बाजू खमंग, मधल्या भोकात तेल टाकलं की कडेपर्यंत जातं. पण दोन इंची उभ्या कडा आड येतात, उलथणं तिरकं घालावं लागतं. तिचा कौल सपाट, बिनकडांच्या तव्याकडे. भारतात राहणाऱ्यांनी हे भांडं अमेरिकेतून मागवू नये असं आम्हा दोघांचंही मत आहे. अडीच किलो बॅगेत कोण वाहणार? कोल्हापूरला बिडाच्या ओतकामाची एवढी मोठी परंपरा आहे आणि आता भारतीय बनावटीचे स्किलेट, आत घासून गुळगुळीत केलेलेसुद्धा, सहज मिळतात. घेताना तळ सपाट आहे का हे ओट्यावर ठेवून बघा आणि समोर धरायचा कान आहे याची खात्री करा. ताजी सेज नसेल तर रोझमेरीचं कुंडीतलं रोप, सायडर नसेल तर सफरचंदाचा बिनसाखरेचा रस आणि चमचाभर सिरका. लाल डिलिशस जातीची सफरचंदं पिठूळ होतात, हिरवी आंबट घ्या किंवा घट्ट, जरा कच्च्याकडे झुकलेला पेरू. पेरूच्या बिया काढा.

सोबत काय? इथे असाल तर वाइल्ड राइस. तो तांदूळ नव्हेच, तळ्यातल्या वेगळ्या गवताचं दाणेदार बी. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक तो होडीतून काठ्यांनी झोडपून काढतात आणि त्याला मनोमिन म्हणतात. १९७७ पासून राज्याचं धान्य. तळ्यात हाताने काढलेला लवकर शिजतो, शेतात पिकवलेला काळा चकचकीत दाणा तास घेतो, म्हणून तो आधी चढवा आणि मगच चॉपकडे वळा. नसेल तर तांदळाची भाकरी. तव्यातला रस पुसून घ्यायला भाकरीच बरी, हे मिनेसोटातल्या माझ्या शेजाऱ्यानेही कबूल केलं आहे.

आकाराचा प्रश्न हटकून येतो. सव्वादहा इंचीत हाडासकट दोन मोठे चॉप बसतात, तिसरा घुसवलात की वाफ कोंडते आणि सगळे उकडतात. चौघांचं घर असेल तर बारा इंची घ्या, पण तो साडेतीन किलोच्या आसपास जातो, दुकानात एकदा एका हाताने उचलून बघा. आठ इंची अंड्यांपुरता. झाकण वेगळं विकतात, तेही जड आणि बिडाचंच. या जेवणात झाकायचं काही नाही, ते पैसे चॉपमध्ये घाला.